अमडापूरचं वाजवणं

घटस्थापना झाली की खामगावातल्या सरकी काढणाऱ्या जिनांमध्ये यंत्रांना तेलपाणी सुरू होतं. कापूस अजून घरात यायचा असतो, शेतात बोंडं नुकती कुठं तडकायला लागलेली असतात; पण हंगामाआधी एकदा पट्टे चढवून सगळं चालवून पाहायचा रिवाज आहे. सकाळी मी दुकानाचं शटर वर करत असतो आणि मागच्या गल्लीतून तो आवाज येतो. आधी एक लांब कण्हणं, मग वेग धरत धरत थेट छातीत येऊन बसणारी धाडधाड. बियाण्याच्या डब्यांवरची धूळ थरथरते. हवेत सरकीचा आणि तापलेल्या रबराचा वास भरतो. आश्विनाचं ऊन सकाळीच चटके द्यायला लागलेलं असतं. हे ऊन, हा वास आणि हा आवाज एकत्र आले की माझ्या उजव्या हाताची बोटं आपोआप हलायला लागतात. साठी उलटली तरी हलतात.

आणि त्या दिवसांत कोणीतरी येणार, युरियाच्या पोत्यावर हात ठेवून माझ्याकडं निरखून पाहणार, हेही मला ठाऊक असतं.

"भाऊ, तुमी त्या धाडधाड पार्टीतले ना?"

"हो."

"मंग पुन्हा कधी जमवता? एकडाव तरी जमवा ना!"

धाडधाड पार्टी हे लोकांनी ठेवलेलं नाव. आम्ही मोठ्या ड्रमवर आमच्या हातानं 'सातपुडा बीट पार्टी' असं लाल रंगात लिहिलं होतं. ते कोणी वाचलं नाही. लोकांनी कानानं जे ऐकलं त्याचंच नाव ठेवलं, आणि आता मागं वळून पाहताना वाटतं की तेच खरं होतं.

आम्ही तिघं, जळगाव जामोदचे: सुधाकर, भगवान आणि मी, पल्ह्या. महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील नसतील. सुधाकरचा मामा भुसावळला रेल्वेत होता. सुट्टीत मामाकडं गेला की हा रेल्वेच्या कॉलनीत, साहेबलोकांच्या नाचाच्या हॉलबाहेर, खिडकीला नाक लावून उभा राहायचा. विजेवरची गिटार त्यानं तिथं ऐकली. पुढं तिथला एक अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हर बायको-पोरांसह ऑस्ट्रेलियाला निघाला आणि घरातलं सामान विकायला काढलं, तेव्हा त्याची गिटार मामाच्या ओळखीनं सुधाकरच्या हाती आली. माझ्यासाठी गावच्या सुतारानं सागाच्या फळीचं एक वाद्य घडवलं. त्याच्या चार जाड तारा सुधाकरनं कुठून पैदा केल्या ते त्यानं कधी सांगितलं नाही. आणि ड्रमवर भगवान.

भगवान माळ्याच्या घरचा. पहाटे मळ्यात वांगी-मिरच्या तोडायच्या, टोपली बाजारात पोचवायची आणि मग हातांना दिवसभर चैन नाही. बसल्या जागी मांडीवर, जेवताना ताटावर, बैलगाडीच्या साटीवर त्याचं ठोकणं चाललेलं. लग्नात वाजवणारा गावातला एक जुना बँड मोडला, त्याचा ढोल आणि एक छोटा ड्रम त्यानं मिळवला. रॉकेलचं रिकामं पिंप आणलं. झांजांसाठी काय करावं म्हणून तो अडला, तेव्हा त्याच्या आईनं, अनसूयामायनं, चुलीमागच्या दोन पितळी पराती काढून त्याच्यापुढं ठेवल्या. त्या तिच्या माहेरच्या होत्या.

"ने," ती म्हणाली. "मी काथवटीत थापीन भाकरी."

तालमीची जागा म्हणजे बंद जिनाचं एक गोदाम. तिथं एक गंमत घडली. आमच्याकडं गिटारीचा स्पीकर नव्हता. सिनेमाच्या जाहिराती पुकारणाऱ्या एका माणसाचा भोंगा आणि मशीन आम्ही मागून आणलं. त्यातून सुधाकरनं जोर करून वाजवलं की आवाज फाटायचा. नवं मांजरपाट कोणीतरी टराटरा फाडत न्यावं, तसा. आम्ही घाबरलो. सुधाकर मशीन उघडून बसला, तारा जोडल्या, पुन्हा जोडल्या. आवाज फाटतच राहिला. भगवान तेवढा वेळ मागं पिंपावर बसून ऐकत होता.

"काऊन दुरुस्त करून राह्यला बे?" तो म्हणाला. "फाटू दे ना. आपलं सगळं फाटकंच हाय, आवाज कायले चांगला पाह्यजे?"

आणि त्यानं काड्या उचलल्या. बाहेर दुसऱ्या जिनाचं यंत्र सुरू होतं, त्याची चाल त्यानं धरली. सुधाकरचा फाटका आवाज तिच्यावर चढला. मी खालून जाड तारा ओढत राहिलो. गोदामाचे पत्रे थरथरायला लागले आणि छतावरची पारवी भर्रकन उडाली. आम्ही थांबलो तेव्हा तिघांच्याही कानात शिट्टी वाजत होती आणि कोणाला कोणाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. आम्ही नुसतेच एकमेकांकडं पाहून हसत होतो. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा क्षण असावा, आणि त्याला शब्द नव्हते.

वर्ष-दीड वर्ष वाजवलं असेल. नांदुऱ्याला गणपतीत वाजवलं तेव्हा बाजारातले बैल दावं तोडून पळाले. पुढच्या ओळीत बसलेले एक पागोटेवाले आजोबा उठून म्हणाले, "हे काय वाजवनं हाय? भांड्याची मांडणी पडल्यावानी!" दुसऱ्या दिवशी तेच आजोबा पहिल्या ओळीत येऊन बसले होते. पोरं मात्र वेडी झाली. कॉलेजातली, जिनातली, शेतावरची. नाचता येत नव्हतं म्हणून जागच्या जागी मान हलवत उभी राहायची, डोळे मिटून, अंगात आल्यासारखी. आमची गाणीही आमचीच. सुधाकर बोलल्यासारखं, ओरडल्यासारखं गायचा. पूर्णेच्या पुराचं एक होतं, जिनाचं एक होतं. त्यातलं काहीही कशावर उतरवून ठेवलेलं नाही. टेप नाही, तबकडी नाही, फोटोसुद्धा नाही. जे होतं ते ऐकणाऱ्यांच्या कानात गेलं आणि तिथंच राहिलं.

मग अमडापूरचं बोलावणं आलं. नवरात्रात, देवीच्या टेकडीखाली कार्यक्रम. आमच्या भागापासून दूर, घाट चढून वरच्या बाजूला, चिखलीकडं. तिकडच्या लोकांनी आम्हांला नुसतं ऐकून बोलावलं होतं. सुधाकर एका मालट्रकमधून मशीन, भोंगे आणि ड्रम घेऊन आदल्या दिवशी पुढं गेला. मी आणि भगवान दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं निघणार होतो.

सकाळी मी त्याच्या दारात गेलो तेव्हा अनसूयामाय ओसरीतच बसलेली. आत भगवान घोंगडी पांघरून थरथरत होता. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांना आश्विनातला ताप नवीन नव्हता. येतो, हाडं खिळखिळी करतो, जातो. पण हा डोक्यात गेला होता. तो मला ओळखत नव्हता. त्याची बोटं मात्र घोंगडीवर चालू होती. दुपारी डॉक्टर येऊन सुई टोचून गेले. मी त्याच्या खोलीच्या दारातच बसून राहिलो. एस.टी. गेली, दुसरी गेली. अमडापूरला कळवायचं कसं, हे मला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी कळवायला काही साधन नव्हतं. दिवेलागणीला आतून मायचा आवाज आला. तो आवाज मी इथं लिहिणार नाही.

तिकडं काय झालं ते सुधाकर परत आल्यावर त्याच्याकडून कळलं. टेकडीखाली माणूस मावत नव्हता. साखरखेर्डा, चिखली, आजूबाजूची सगळी खेडी लोटलेली. सुधाकर प्रत्येक एस.टी.कडं धावत जायचा. मंडळींनी आधी तबकड्या लावल्या. लोक ओरडायला लागले तेव्हा चिखलीकडच्या कुठल्यातरी बँजो पार्टीला वर चढवलं. सुधाकर रात्रभर आमच्या न वाजलेल्या सामानाशेजारी बसून राहिला आणि दुसऱ्या दिवशी त्याच सामानासह गावात उतरला, तेव्हा भगवानला पोचवून आम्ही नदीवरून परतत होतो.

त्यानंतर आम्ही वाजवलं नाही. कोणी तसं ठरवलं नाही. सुधाकर जिनात लागला. मी बहिणीच्या आधारानं खामगावला येऊन दुकान टाकलं. संपलं.

म्हणजे मला वाटलं, संपलं.

किती वर्षांनी ते आठवत नाही, पण पहिल्यांदा एका गिऱ्हाइकानं सहज म्हटलं, "अमडापूरले तुमी वाजवलं होतं, तसं पुन्हा नाही ऐकलं." मी म्हणालो, "अमडापूरला आम्ही वाजवलंच नाही." तो हसला. "भाऊ, म्या सोता ऐकलं ना." मला वाटलं, याची नांदुऱ्याशी गल्लत होते आहे. मग दुसरा भेटला, एका लग्नात. मग एक मास्तर, मग चिखलीचा एक व्यापारी. प्रत्येकाला अमडापूर आठवत होतं. कोणाला भगवानचा पांढरा सदरा आठवायचा, कोणाला तो पिंपावर उभा राहून वाजवत होता ते. एक जण म्हणाला, शेवटी त्याच्या हातातली काडी मोडली आणि गर्दीत उडाली, ती आपल्याकडं आहे. पुढच्या खेपेला त्यानं ती फडक्यात बांधून आणली. बाभळीची, हाताच्या घामानं काळी पडलेली. असली काडी हलगीवाल्याचीही असू शकते. पण भगवान बाभळीच्याच काड्या तासायचा. मी ती हातात घेतली, परत दिली, आणि त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

सुरुवातीला मी सगळ्यांना समजावून सांगायचो. त्या दिवशी काय झालं, कोण कुठं होतं. लोक ऐकून घ्यायचे, हळहळायचे, आणि वर म्हणायचे, "तुमी विसरले असान." एखाद्या गोष्टीला आपण एकटेच साक्षीदार आहोत आणि विरुद्ध बाजूला गावंच्या गावं उभी आहेत, असं झालं की माणूस आतून डळमळतो. पहाटे जाग यायची आणि मी स्वतःशीच तपासून पाहायचो. ओसरी, घोंगडी, डॉक्टरांची पेटी. होतं ना हे? होतं.

शेवटी मी सुधाकरला विचारलं. तोवर त्याचे केस पिकले होते, जिनातल्या कापसाच्या उडत्या तंतूंनी छाती धरली होती. बोलताना मध्येच दम लागायचा.

"तू तिथं होता," मी म्हणालो. "तू सांग लोकांले."

तो भिंतीला टेकून बसला. मग म्हणाला, "मी आता सांगत नाही."

"काऊन?"

"पल्ह्या, आपून वाजवलं नाही हे मले मालूम हाय. तू नोहता तिथं, हे बी खरं." त्यानं खोकला आवरला. "पन येवढे लोकं सांगून राह्यले, सगळे सारखंच सांगून राह्यले. भगवान नोहता, हे तुले काय मालूम?"

"तो माह्या डोळ्यासमोर गेला बे!"

"हाव," सुधाकर म्हणाला. "गेला. कुठी गेला, ते तुले थोडंच दिसलं?"

मी चिडून उठलो. पण ते वाक्य माझ्या मागं लागलं. आश्विनाच्या उन्हात, जिनाच्या आवाजात, ते अजून मागं येतं.

गेल्या वर्षी साखरखेर्ड्याचे वामनराव दुकानात आले. एस.टी.त कंडक्टर होते, निवृत्त झालेले. अमडापूरला 'आम्हांला ऐकलेल्या' माणसांपैकी एक. पण हे नुसतं विचारून जाणारे नव्हते. त्यांनी गावोगाव फिरून जुनी माणसं गोळा केली होती. अमडापूरच्या लोकांशी बोलून नवरात्रातली एक दुपार ठरवली होती. "जिथं शेवटचं वाजवलं तिथंच," ते म्हणाले. "आमी तरी किती दिवस हाओत, भाऊ? दोघं तर दोघं. बसा आन् वाजवा." माझ्या तोंडावर नकार होता. पण त्यांचे डोळे पाहिले. त्यांना आम्ही नको होतो. त्यांना ते स्वतःच हवे होते, जे त्या गर्दीत मान हलवत होते, आपल्या विशी-बाविशीतले. तो माणूस परत आणून द्यायची ताकद आमच्यात आहे, असा त्यांचा समज होता. मी हो म्हणालो, ते एका हेतूनं. त्याच जागी उभं राहून, सगळ्यांसमोर एकदा खरं सांगून टाकायचं.

त्याआधी अनसूयामायला विचारणं भाग होतं. ती ऐंशीच्या घरात, जळगाव जामोदलाच, धाकट्या लेकाकडं. ओसरीत लसणाच्या पाकळ्या सोलत बसली होती. मी अडखळत सांगितलं. लोक असं असं म्हणतात, अमडापूरला बोलावलंय, तुला चालत नसेल तर नाही जाणार.

तिनं विचारलं एवढंच, "गाडी करनार का एस.टी.नं?"

"गाडी करू."

"मंग मी बी येते."

घाट चढताना ती खिडकीतून बाहेर पाहत होती. कपाशी फुटलेली होती, कडेला ज्वारी दाण्यावर आलेली. सुधाकर पुढं गिटार मांडीवर घेऊन बसलेला.

टेकडीखाली मंडप होता. मला वाटलं होतं पाच-पन्नास म्हातारे असतील. दोनेकशे तरी असावेत. धोतरं, पांढरे केस, काठ्या, काही नातवंडांना धरून आलेले. आम्हांला पाहिल्यावर ते उभे राहिले. टाळ्या नाहीत, काही नाही, नुसते उभे राहिले. मायला पुढं खुर्ची दिली. ती खाली सतरंजीवर, माझ्या शेजारी येऊन बसली. मागं मोकळी जागा ठेवली होती, ड्रमची. तिथं कोणी हार घातला नव्हता की फोटो ठेवला नव्हता. फक्त जागा सोडली होती.

वामनराव बोलायला उठले. त्यांनी ते सगळं सांगायला सुरुवात केली. कसे आले, कसे बसायला जागा नव्हती म्हणून लिंबाच्या झाडावर चढले. "आन् मंग तो भगवान आला," ते म्हणाले. "पांढरा सदरा घातलेला."

समोर माना हलल्या. जिच्या मांडीवर त्यानं जीव सोडला ती बाई इथं बसली आहे आणि हे तिच्यासमोर चाललंय. मी माईककडं हात नेला.

मायनं माझं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"सांगू दे त्याले," ती हळूच म्हणाली.

"माय, पन हे..."

"मले मालूम नाही का? तुह्यापेक्षा जास्त मालूम हाय." तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिचं लक्ष वामनरावांकडं होतं. "बाजारात भेटतात लोकं. इतके वर्षं झाले, मी सगळ्यायले इचारते. कोनी काही सांगते, कोनी काही. माह्यापाशी त्या दिवसाचं घोंगडीबिगर दुसरं काय हाय?"

मग तिनं मोठ्यानं विचारलं, "भाऊ, मंग पुढं काय वाजवलं त्यानं?"

वामनराव थांबले. ही कोण, हे त्यांना तेव्हा उमगलं असावं. त्यांनी हात जोडले. मागून कोणीतरी सांगितलं, पुराचं गाणं. दुसरा म्हणाला, नाही, आधी जिनाचं. मग एकेक जण उठून सांगायला लागला, आणि माय प्रत्येकाकडं मान वळवून ऐकत राहिली. सुधाकरनं गिटार केव्हा हातात घेतली कळलं नाही. मशीनला न जोडताच तो जिनाच्या गाण्याच्या तारा हळूहळू छेडत होता.

आवाज थोडे ओसरले तेव्हा ती माझ्याकडं वळली. सगळ्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "डाक्टर म्हने, घाम फुटला का ताप उतरंल. मी दिवसभर त्याचं कपाळ पाहून राह्यली होती. फुटलाच नाही." तिनं पदर मुठीत धरला होता. "वाजवताना त्याले लय घाम यायचा ना रे?"

आयुष्यभर मी लोकांना दुरुस्त करत आलो होतो. मी तिच्याकडं पाहिलं. मागच्या मोकळ्या जागेकडं पाहिलं नाही. पाहायची हिंमत झाली नाही.

"इथं फुटला होता, माय," मी म्हणालो. "सदरा पिळून निघाला होता त्याचा."